उजवा गुडघा हॉस्पिटलचा

कमलअक्काच्या उजव्या गुडघ्याला यंदा नोकरी लागली. डाव्याला लागली नाही, आणि पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

नोकरी म्हणजे अशी. जळगावात मेहरूणमधल्या आमच्या गल्लीपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर एक हॉस्पिटल आहे. तिथे गुडघेदुखीच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू होती. गोळी अजून बाजारात आलेली नव्हती. तिने दुखणं खरंच कमी होतं का, आणि कुणाला काही त्रास होतो का, हे माणसांवर पाहायचं होतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली मिळाली हे गिळणाऱ्यालाही कळणार नाही आणि देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. दर दुसऱ्या मंगळवारी जाऊन तपासून यायचं. जाण्यायेण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे हॉस्पिटल देणार. अठ्ठावन्न वर्षांत अक्काला दुखण्याबद्दल टोमणे सोडून कुणी काही दिलं नव्हतं, त्यामुळे हे पैसे ती वेगळ्या बटव्यात ठेवायची आणि 'गुडघ्याचा पगार' म्हणायची.

कमलअक्का आमची शेजारीण. तिचं आणि आमचं घर भिंतीला भिंत. माहेर शिरपूरकडचं, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा सुरतेला साडीच्या कारखान्यात. ती मांडे करते. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: पुरणपोळीच, पण हातावर फिरवून फिरवून कोपरापर्यंत मोठी केलेली, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजलेली. लग्न असो, बारसं असो, अक्काला बोलावणं येणार. एका बैठकीत शंभर-सव्वाशे मांडे. तीस वर्षं चुलीपुढे मांडी घालून, नाहीतर उकिडवं बसून तिच्या गुडघ्यांची जी गत झाली, ती एक्स-रे बघून मलाही कळली. आणि मी झेरॉक्सचं दुकान चालवतो.

या दुकानामुळेच मी या प्रकरणात आलो. गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म मी भरतो. अक्काची शाळा दुसरीपर्यंत. जो स्वतः वाचू शकत नाही त्याच्या संमतीला बाहेरचा, नात्यात नसलेला एक साक्षीदार लागतो, असा चाचणीचा नियम. अक्का म्हणाली, "प्रेमराज, तू चाल. तू नात्यात नही, न कामातबी नही."

ती अहिराणी बोलते. मी इथे तिचं बोलणं बरंचसं पुस्तकी करून लिहितोय. जिथे चव जाईल तिथे तसंच ठेवतो.

संमतीच्या वेळी कॅमेरा लावला होता. सगळं नीट समजावून सांगितलं याचा पुरावा म्हणून. अक्काने आधी पदर सारखा केला, मग केस, मग मला म्हणाली की तूही तोंड धुऊन ये. डॉक्टर दिपमाला मॅडम धुळ्याच्या, वयाने तरुण, बोलायला सरळ. त्यांनी अर्धा तास सगळं सांगितलं. काय त्रास होऊ शकतो, झाला तर उपचार कोण करणार, कोणाला फोन करायचा. शेवटी म्हणाल्या, "आणि मावशी, तुम्हाला वाटलं तर कधीही, कारण न सांगता, तुम्ही यातून बाहेर पडू शकता."

अक्काने पुन्हा पदर सारखा केला. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "लगीनना टाइमले असं कोणी सांगं नही."

मॅडम हसल्या, पण ते रेकॉर्डिंग तसंच ठेवलं म्हणे.

मग हितेंद्रकडे गेलो. हितेंद्र म्हणजे चाचणीचा कोऑर्डिनेटर. सगळे कागद, सगळ्या गोळ्या, सगळ्या तारखा त्याच्याकडे. कायम घाईत, आणि मान कायम फॉर्ममध्ये. त्याने विचारलं, जास्त कुठला दुखतो? अक्का म्हणाली, उजवा. त्याने 'उजवा' भोवती गोल केला. तेव्हापासून चाचणीच्या लेखी अक्काला एकच गुडघा होता. त्याचाच वाक बघायचा, त्याच्याच दुखण्याला आकडा द्यायचा.

"दुसऱ्या कुठल्या दुखण्याच्या गोळ्या नाही घ्यायच्या," हितेंद्र म्हणाला, "आणि गुडघ्याला तेल, मलम, लेप, शेक, काही नाही."

"कोणत्या गुडघ्याला?" अक्काने विचारलं.

हितेंद्रने मान वर न करता सांगितलं, "हाच, उजवा आपला."

मी शेजारीच बसलो होतो. साक्षीदार म्हणून सहीही केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

रोज संध्याकाळी एका वहीत खूण करायची होती. एक आडवी रेघ, एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा. आज किती दुखलं तिथे काट. पहिल्या दिवशी अक्का वही घेऊन माझ्या दुकानात आली. "दहा म्हणजे कितला?" मी म्हटलं, सहन होणार नाही इतका. ती म्हणाली, "सहन होणार नाही असं दुखणं अजून मला भेटलं नाही. मग दहा कुठून आणू?" बरीच चर्चा झाली. शेवटी तिने स्वतःचं माप काढलं. ती चुलीपुढे बसली की दुखण्यामुळे उठेपर्यंत किती मांडे होतात, त्यावरून आकडा. दहाच मांडे झाले तर आठ. चाळीस झाले तर पाच. हितेंद्रला हे आम्ही सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात सात-आठच्या आसपास काट होती. महिन्याने चारवर आली. सहाव्या आठवड्यात तीन. खरी गोळी होती की नुसती खडूची, देव जाणे, पण अक्का उजवा पाय दुमडून बसायला लागली, आणि उठताना भिंतीशी बोलणं बंद झालं. आधी ती उठताना भिंतीला हात लावून 'धर व माय' म्हणायची.

मंगळवारच्या बाकावर तिची ओळखही झाली. वना नाना म्हणून भुसावळचे, रेल्वेतून ट्रॅकमन म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर रुळांच्या खडीवरून चालून त्यांचे गुडघे गेले होते. त्यांच्या घरी सगळे खाली पंगतीला बसून जेवतात, आणि नाना गेली चार वर्षं एकटे खुर्चीवर. "ताट स्टुलावर घेऊन. पाहुण्यासारखं," ते म्हणायचे. पाचव्या आठवड्यात त्यांनी हॉस्पिटलच्या फरशीवर मांडी घालून दाखवली. नाना पडले समजून हितेंद्र धावत आला. "पडलो नाही रे बाबा, बसलो," नाना म्हणाले, आणि अक्काने त्यांच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की जणू मुलगा दहावी पास झाला.

असं सगळं छान चाललं होतं. मग आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या सणाला लेकीबाळी माहेरी येतात आणि घरोघर मांडे लागतात, म्हणजे अक्काची खरी दिवाळी तीच. सहा दिवस आधीपासून तिच्या ऑर्डरी लागल्या होत्या. उजवा गुडघा ऐटीत दुमडत होता, आणि डावा मात्र अडून बसला. इतके दिवस उजव्याच्या बोंबेत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, आता त्याने हक्क सांगितला.

मी नवीपेठेत कागदाची रिमं आणायला निघालो होतो. अक्का दारातून म्हणाली, "येताना काष्ठौषधीवाल्याकडून दोन त्या काया लई ये."

"काय काळ्या?"

तिने डोळे मोठे केले. मग मला कळलं. बिब्बे.

मी इथे नाव घेतो, कारण आता सगळं सुकून गेलंय. बिब्बा हे काळं, बदामाएवढं फळ. दाभणाला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. त्याचा थेंब दुखऱ्या जागी लावायचा. कातडी भाजून काळा डाग पडतो आणि आतलं दुखणं बाहेर ओढलं जातं अशी समजूत. काहींच्या अंगाला तो मानवतो. काहींच्या अंगावर उततो, म्हणजे सूज, फोड, खाज, सगळं अंगभर पसरतं. आणि आमच्याकडे, निदान अक्काच्या माहेरी, एक पक्का नियम आहे: बिब्बा लावला की डाग सुकेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही. लावणाऱ्याने नाही, आणणाऱ्याने नाही. नाव घेतलं की तो उततो, आणि उतलेला असेल तर डोळ्यांत शिरतो. तिच्या आईची एक चुलती अशी आंधळी झाली, असं अक्का सांगते. नाव घेऊन झाली, की बिब्बा डोळ्याला लागून झाली, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

मी बिब्बे आणून दिले आणि दारातच उभा राहून म्हटलं, "अक्का, हॉस्पिटलवाले काही लावू नका म्हणाले होते."

"उजव्याले. हाऊ डावा शे."

"अंग तर एकच आहे ना?"

"गोल कोणत्या गुडघ्याला केला त्याने? साक्षीला तूच होतास ना?"

होतो. मी दुकानात निघून गेलो. तिने दुपारी दिवा लावला आणि डाव्या गुडघ्यावर तीन थेंब घेतले. मग दोन दिवस सलग चुलीपुढे बसली, बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत खापर.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली, ती हाक नेहमीची नव्हती. गेलो तर पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत फोड, दोन्ही हातांवर लाल चट्टे, आणि डोळे सुजून फटी झालेल्या. "उष्णता बाहेर निघाली," ती म्हणाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही कळलं की उष्णता नाही.

चाचणीत मिळालेल्या कार्डावर फोन नंबर होता, कधीही करा असं लिहिलेला. मी केला. हितेंद्र म्हणाला, ताबडतोब घेऊन या. तासाभरात अक्का वॉर्डात होती.

दिपमाला मॅडमनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. औषधांमुळे अंगावर उठणारे काही चट्टे साधे असतात, आणि काही असे असतात की कातडी सोलून निघते, माणूस दगावतो. हे कुठलं, ते पहिल्या दिवशी सांगता येत नव्हतं. त्यांनी रक्त काढलं, गोळी बंद केली, आणि विचारलं, "मावशी, नवीन काही खाल्लं? कुठलं औषध, काही अंगाला लावलं?"

अक्काने मान हलवली. नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. बी.एस्सी. झालोय मी, केमिस्ट्री घेऊन. कातडीवर काय झालं असेल ते मला ढोबळमानाने माहीत होतं. पण अक्काने चादरीखालून माझं मनगट धरलं होतं, आणि ती पकड रोज पाच किलो कणीक मळणाऱ्या बाईची होती. शिवाय खरं सांगायचं तर, बिब्बे आणले मीच होते, आणि माझी केमिस्ट्री आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच पोहोचते.

मूळ तीन डाग फोडांखाली झाकले गेले होते. बघून कुणाला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमारास वना नाना काठी टेकत वॉर्डाच्या दाराशी उभे राहिले. हातात रावेरची केळी. ती खरं तर हितेंद्रसाठी आणली होती, असं नंतर कळलं. बाकावर अक्का दिसली नाही म्हणून सिस्टरला विचारत आले होते.

"काय झालं हो अक्का हे?" ते स्टुलावर बसले. बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्हीच का त्या?"

"कोणत्या?" मी विचारलं.

"कोणाला तरी अंगावर उठलंय म्हणाले. नाव नाही सांगितलं त्यांनी. पण इथल्या सगळ्यांच्या गोळ्या थांबवल्या. हे कशानं झालं ते कळेपर्यंत कोणालाच द्यायच्या नाहीत, असं वरून आलंय. उरलेल्या गोळ्या परत घेतल्या माझ्याकडून."

अक्काने फटीएवढ्या डोळ्यांतून त्यांच्याकडे पाहिलं. "बठ्ठास्न्या?"

"सगळ्यांच्या. आपल्या मंगळवारचेच चौदा जण आहोत. कदाचित ही गोळीच बाद करतील म्हणतात." नानांनी केळी खाटेवर ठेवली. "नाही, मला काही तक्रार नाही. कोणाच्या जिवावर उठत असेल तर नकोच ती गोळी. महिनाभर खाली बसून जेवलो, तेवढं तर मिळालं. नातू म्हणतो, आजोबा आता स्टूल विकून टाकू. म्हटलं, थांब रे, घाई करू नको." ते हसले. "बरं झालं विकलं नाही."

ते असं काही टोचून बोलले असते तर अक्का त्यांना दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. ते तिला येतं. पण ते तिची उशी सरकवून, पाण्याचा ग्लास जवळ ठेवून, काठी टेकत निघून गेले.

पाच-दहा मिनिटांनी अक्का म्हणाली, "तू काल काबरं बोलला नही?"

"मनगट कुणी धरलं होतं?"

"सोडवायचं."

"प्रयत्न केला," मी म्हटलं. "अजून दुखतंय. वही दे, काट मारतो."

ती हसली नाही. मी खुर्ची जवळ घेतली. "अक्का, मी सांगू का मॅडमना? मी तर लावलेला नाही."

"आणलास तू. तुझ्याही अंगावर उतेल."

"उतू दे."

"गप. लगीन व्हवानं शे तुन्हं." तिने खाटेवरची केळी बाजूला सरकवली. "ज्याच्या अंगावर आहे, त्यानेच सांगावं लागतं. दुसऱ्याने सांगितलं तर त्याला खोटं पाडता येतं. मीच पाडलं असतं तुला काल."

"मग सांग ना. उतायचा तो उतलाय. आता नावाने काय होणार आहे?"

"डोळ्यांत शिरतो." तिने सुजलेल्या पापणीला बोट लावलं. "आत्ताच अर्धं दिसत नाही. मांडा खापरावर टाकताना डोळे लागतात रे. गुडघा गेला तर बसून काही करीन. डोळे गेल्यावर काय करू, सुरतेला जाऊन सुनेच्या दारात बसू?"

असं काही नसतं, हे मी म्हणू शकलो असतो. पण मीही कालपासून ते नाव घेतलं नव्हतं, एकदाही नाही, आणि हे तिला माहीत होतं.

बारा वाजता जेवणाचं ताट आलं. तिने हात लावला नाही. एक वाजता म्हणाली, "बाईले बलाव."

मॅडम आल्या, मागे हितेंद्र फाइल घेऊन. दोघांचे चेहरे ओढलेले. मॅडम रात्री फारशा झोपल्या नसाव्यात. अक्का उठून बसली. पदराने तोंड पुसलं. मग दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबून धरले, अगदी लपंडावात राज्य असलेल्या पोरासारखे, आणि मोठ्याने म्हणाली,

"बिब्बा."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली.

"काय म्हणालात?" मॅडम म्हणाल्या.

"बिब्बा लावला मी. आता परत म्हणायला लावू नका." हात डोळ्यांवरच होते.

मॅडम स्टुलावर बसल्या. "कुठे?"

"डाव्याला."

"डाव्याला का?"

"उजवा तुमना शे ना."

हितेंद्रने फाइल उघडली, पहिलं पान काढलं, त्यावरच्या गोलाकडे पाहिलं, आणि त्याचे कान लाल होताना मी बघितले. मॅडमनी हातमोजे घातले, सलाइनने अक्काचा डावा गुडघा हळूहळू पुसून काढला. पाण्याने फोडांची खपली निघाली तसे खाली एकामागे एक तीन डाग दिसले. गोल, काळे, मसुराएवढे. मॅडमनी भिंग धरून पाहिलं, फोटो काढले, परत पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या.

"माझ्या आजीच्या पाठीवर असे अकरा आहेत," त्या म्हणाल्या. "अकरा. मला कालच कळायला हवं होतं." मग चेहरा सरळ करून, जरा कडक आवाजात: "पण मावशी, मी तोंडाने विचारलं होतं. कालपासून आम्ही तुमचं काय काय होईल म्हणून धास्तावलो होतो. तुमची किडनी, तुमचं लिव्हर, सगळं तपासलं. का नाही सांगितलं?"

अक्काने मला खुणावलं. मग मी, नात्यात नसलेला साक्षीदार, नाव न घेण्याचा नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. आणला कुणी तेही सांगितलं. हितेंद्र लिहून घेत होता. मध्येच थांबून म्हणाला, "हे 'नाव घेतल्यास उततो' कुठल्या रकान्यात लिहू मॅडम?"

"पूर्ण लिही," मॅडम म्हणाल्या. "आणि आपण उजवाच म्हणालो होतो, तेही लिही."

तेव्हा अक्काने डोळ्यांवरचे हात काढले. आधी एक डोळा किलकिला केला, मग दुसरा. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मॅडमकडे, माझ्याकडे पाहिलं. "दिसी राहिनं," ती म्हणाली, स्वतःशीच.

"दिसणारच," मॅडम म्हणाल्या. "हे बरं होणारं आहे. चार-पाच दिवसांत उतरेल. मला ज्याची भीती होती, ते हे नाही."

"आणि त्यांच्या गोळ्या?"

"कुणाच्या?"

"बठ्ठास्न्या. चौदा जण आहेत. वना नानाने तर स्टूल ठेवून दिलंय."

मॅडमना स्टुलाचं काही कळलं नाही, पण बाकीचं कळलं. "फोटोसकट आजच कळवते. निर्णय माझ्या हातात नाही, वरचे लोक बघतील. पण कारण सापडलंय. तुम्ही सांगितलं नसतं, तर हा दोष गोळीच्या नावावर चढला असता."

"गरीब बिचारी गोळी," अक्का म्हणाली.

इंजेक्शनं आणि मलम सुरू झालं. कारण कळलं असलं तरी उपचार हॉस्पिटलनेच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्यांची सूज निम्म्यावर आली. अक्काच्या मते हे तळहात दाबून धरल्यामुळे झालं. नावाला आत शिरायला वाट मिळाली नाही. मी वाद घातला नाही. माझ्याही अंगावर काही उतलं नव्हतं, आणि हे मी त्या रात्री आरशात दोनदा तपासून घेतलं होतं.

चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. आखाजी होऊन गेली होती. ऑर्डरी तिने वॉर्डातूनच फोन करून ओळखीच्या दोन बायांना वाटून दिल्या होत्या, आणि दोघींच्या मांड्यांना काय कमी पडलं हे गल्लीभर विचारून घेतलं होतं. निघताना मॅडमनी समजावलं की चाचणीची गोळी आता तिला मिळणार नाही, नियमात बसत नाही. पुढचे दोन मंगळवार फक्त तपासायला या. गुडघ्यांसाठी मी नेहमीच्या ओपीडीत बघते, व्यायामही शिकवते. दोन्ही गुडघ्यांचे, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

म्हणजे नोकरी सुटली. मी रिक्षात तसं म्हणालो. अक्का बाहेर बघत होती. "सुटू दे," ती म्हणाली. "खोटं बोलून टिकवली असती तर रोज डायरीत काय काट मारली असती?" आणि मग जरा वेळाने, "तो हितेंद्र बिचारा किती घाबरला होता रे. कान पाहिलेस त्याचे?"

तरी पुढचे दिवस ती नीट जेवत नव्हती. चट्टे सुकत आले, खाज गेली, दिसायला लागलं, पण भाकरी अर्धी ठेवायची. माझ्या दुकानात येऊन बसायची. फोन वाजला की माझ्या तोंडाकडे बघायची. आणि माझे फोन सगळे रेशनकार्डाचे. मी एकदा म्हटलं, अक्का, आपण सांगितलं ना, आपलं काम झालं. ती म्हणाली, "सांगितल्याने माझं झालं. त्यांचं व्हायचंय."

दहाव्या दिवशी दुपारी भुसावळहून फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"अक्का आहेत का?" वना नाना. मागे गाडीची अनाउन्समेंट ऐकू येत होती. "स्टेशनवर आहे, जळगावहून परत आलोय आत्ताच. अक्का, सुरू झाल्या. सकाळी बोलावून दिल्या. हितेंद्रने अर्धा तास बसवून विचारलं, डोक्यापासून पायापर्यंत काय काय लावता म्हणून. मी म्हटलं, मी फक्त टोपी लावतो."

अक्का फोनकडे झुकली. "बठ्ठास्न्या?"

"सगळ्यांच्या. चौदाच्या चौदा. तुमच्या तब्येतीचं..."

अक्काने पुढचं ऐकलं नाही. ती दोन्ही हात माझ्या काउंटरवर टेकून उभी राहिली, उजवा गुडघा जरा कुरकुरला, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. फोन माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तू बोल आते त्यासनासंगे. माले भूक लागनी."